थांबा नावाचा देश

"अहो, कोरम झाला नाही तर त्यात घाबरायचं काय?" बाबा फोनवर म्हणत होते. "कोरम कधी कुठे होतो का?"

गुरुवारची सकाळ होती. मी आतल्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसून एक देश वाचवत होते, आणि बाबांच्या आवाजामुळे माझं एकेक वाक्य अर्ध्यावरच जीव सोडत होतं. फोनवरचा माणूस जितका लांबचा तितकं मोठ्याने बोलावं लागतं, अशी बाबांची पक्की समजूत. हा माणूस परभणीचा होता.

"बाबा, जरा हळू बोला ना," मी आतून म्हणाले.

"प्राध्यापक आहेत गं," बाबांनी फोनवर हात ठेवून सांगितलं. "आपले उपविधी वाचून फोन केलाय. त्यांच्याकडे एक बाई फार डोईजड झाल्यात म्हणे. किती सभ्य बोलतात बघ." मग पुन्हा फोनमध्ये, "हां, तर तहकुबीचं सांगत होतो मी."

बाबांचे उपविधी जगात कोणीतरी वाचतं याचं मला नवल वाटलं, आणि मी दार लावून घेतलं. ते दार मी लावलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

माझे बाबा, गोविंद खरवंडीकर, प्राजक्त सहकारी गृहरचना संस्थेचे बावीस वर्षं सचिव होते. नाशिकला गंगापूर रोडवर चोवीस फ्लॅटची ही संस्था. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, तीर्थयात्रा करतात. बाबा इतिवृत्त लिहायचे. आणि मी, त्यांची मुलगी सुनीती, वय वर्षं पंचवीस, स्पर्धा परीक्षेचा दुसरा प्रयत्न हुकवून तिसऱ्याचा अभ्यास करत होते. म्हणजे घरी तसं सांगितलं होतं. खरं तर मी एका देशाची राष्ट्राध्यक्षा होते.

खेळाचं नाव होतं 'राष्ट्रपट'. सांगलीच्या एका इंजिनियरने बनवलेला, मराठीत चालणारा ऑनलाइन खेळ. प्रत्येकाने आपापला देश काढायचा, त्याला नाव, झेंडा, कायदे द्यायचे. असे तीस देश होते. या तिसांची एक महासभा होती. महिन्यातून एका रविवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी वेबसाइटवरच्या सभागृहात यायचं, 'हजर' असं टाइप करायचं, मग वाद घालायचा आणि मतं द्यायची. महासभेने ठराव केला की तो तीसही देशांना लागू.

भांडण तिथेच होतं. महासभेने आमच्या देशात नाक खुपसावं का? 'नाही' म्हणणारे चौदा देश म्हणजे सार्वभौम गट, आणि त्याची पुढारी मी, निरंजना या प्रजासत्ताकाची अध्यक्षा. 'हो' म्हणणारे तेरा देश म्हणजे महासंघ गट. त्यांचे पुढारी अखंडपूरचे राष्ट्रप्रमुख. त्यांचं खरं नावगाव मला माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की ते प्रत्येक वाक्याची सुरुवात 'सन्माननीय' या शब्दाने करतात आणि शेवट करतच नाहीत. उरलेले तीन देश कुंपणावर बसून दोन्हीकडची मजा बघायचे.

मी मागच्या वर्षी 'सार्वभौमत्वाचा जाहीरनामा' मंजूर करून घेतला होता. नऊ दिवस वाद चालला होता. आयुष्यात तोवर मी दुसरं काहीच पास झाले नव्हते, त्यामुळे जाहीरनाम्याची प्रिंट माझ्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवलेली होती.

आता घटनेचं सांगायला हवं. महासभा स्थापन झाली तेव्हा तिला घटना हवी होती, आणि राज्यशास्त्राचा अभ्यास आहे म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. आठवड्याची मुदत होती. सहा दिवस मी खेळण्यात घालवले. सातव्या दिवशी मला आठवलं की बाबांसाठी संस्थेचे उपविधी मीच टाइप करून दिले होते आणि ते याच कॉम्प्युटरमध्ये पडून आहेत. 'संस्था' होती तिथे 'महासभा' केलं, 'सभासद' होता तिथे 'सदस्य राष्ट्र' केलं, आणि वाचून बघायला बसले तेवढ्यात आईने जेवायला हाक मारली. घटना तशीच गेली.

त्यामुळे तीस सार्वभौम राष्ट्रांना जिन्यात चपला काढून ठेवायला बंदी होती. कोणत्याही सदस्य राष्ट्राने कुंड्यांना घातलेलं पाणी खालच्या सदस्य राष्ट्राच्या गॅलरीत गळू देऊ नये, असाही एक नियम होता. लोकांना वाटलं हे नदीच्या पाणीवाटपाविषयी असावं, आणि त्यावर दोन देशांत तीन महिने तंटा चालला. शेवटच्या पानावर 'गो. वि. खरवंडीकर, सचिव' आणि खाली आमच्या घरचा फोन नंबर होता. हे खेळातलं कुठलंतरी काल्पनिक पात्र असेल असं सगळ्यांनी धरलं. मी तर शेवटच्या पानापर्यंत गेलेच नव्हते.

तर गुरुवारी मी जो देश वाचवत होते तो माझा नव्हता. त्याचं नाव थांबा.

थांबा हा राष्ट्रपटातला सगळ्यात लहान देश. सैन्य नाही, निर्यात नाही, राजधानी नाही. एक एसटी स्टँड आणि अठरा गाड्या. स्टँडवर पिण्याचं पाणी, बसायला बाकं, पंखे चालू. आणि गाड्या वेळेवर. एवढंच. हा देश चालवायचे दामोदर कानगुडे, वय पंचावन्न, नाशिकपासून पाच तासांवरच्या एका तालुक्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. ड्युटी संपली की ते तिथल्या सायबर कॅफेत जाऊन अर्धा तास बसायचे, अठरा गाड्या सोडायचे आणि घरी जायचे. महासभेत ते कधी बोलायचे नाहीत. फक्त 'हजर' लिहायचे, तेही बरोबर दहा एकोणसाठला.

अखंडपूरने ठराव क्रमांक नऊ आणला होता. पन्नास हजारांपेक्षा कमी लोकसंख्येचे देश शेजारच्या देशात विलीन करावेत. असा देश एकच होता आणि त्याचा शेजारी होता अखंडपूर. विलीन झालेल्या देशाचं पान कायमचं पुसलं जायचं. स्टँड, बाकं, पंखे, अठरा गाड्या, सगळं.

"काका, तुमचा थांबा कुठे जात नाही," मी कानगुडेंना फोनवर सांगितलं होतं. "मी आहे ना."

"तुमी हाय म्हणूनच तर निवांत हाय ताई," ते म्हणाले होते.

मी आकडे मांडले. आम्ही चौदा, ते तेरा. कुंपणावरचे तिघे त्यांच्याकडे गेले तर सोळा. हरलो. पण घटनेत लिहिलं होतं की वीस देश हजर असल्याशिवाय सभा होत नाही. मग आम्ही चौदा जण गेलोच नाही तर? उरतात सोळा. कोरम नाही, सभा नाही, ठराव नाही. या कल्पनेवर मी इतकी खूश झाले की उठून एक लाडू खाऊन आले. बुधवारपासून शनिवारपर्यंत बारा देशांना गुप्त संदेश गेले. तेराव्याला, म्हणजे कानगुडेंना, मी फोन केला.

"ताई, उद्याची ड्युटी बदलून घेतलीय मी," ते म्हणाले. "अकराला कॅफेत बसतो. एक मत तर एक मत."

"काका, उद्या यायचं नाही."

"नाय यायचं?"

"आपण कोणीच नाही जायचं. बहिष्कार. ती रणनीती आहे."

पलीकडे त्यांनी आधी एका गाडीची घोषणा केली.

"ताई, तुमी शिकलेल्या हाय," ते म्हणाले. "पर आमच्यात जो टायमाला हजर नसतो त्याची शीट जाते."

"काका, विश्वास ठेवा."

"ठेवलाय की," कानगुडे म्हणाले, आणि त्यांनी बदललेली ड्युटी परत घेतली.

त्याच रविवारी अकरा वाजता आमच्या संस्थेचीही वार्षिक सर्वसाधारण सभा होती. खाली पार्किंगमध्ये गाड्या हलवून खुर्च्या मांडलेल्या, टेबलावर चादर, चादरीमागे बाबा. मला सभागृहात जायचंच नव्हतं, त्यामुळे मी उदार मनाने पोहे वाटायचं काम अंगावर घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपण होऊन मदतीला आले म्हणून आईने मला ताप आहे का ते बघितलं.

अकराला पार्किंगमध्ये चार माणसं होती. बाबा, आई, मी आणि अध्यक्ष लेलेकाका. बाबांनी घड्याळ बघितलं, उभे राहिले आणि रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून म्हणाले, "गणपूर्तीअभावी ही सभा तहकूब करण्यात येत आहे. हीच सभा अर्ध्या तासाने, याच ठिकाणी, याच विषयपत्रिकेवर घेण्यात येईल."

हे वाक्य मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून ऐकत आले होते. बावीस वर्षांत एकदाही अकराची सभा अकराला झालेली नव्हती. सगळ्यांना माहीत होतं की अकरा म्हणजे साडेअकरा, आणि मंडळी अकरा पस्तीसला पोह्यांच्या वासावर उतरायची. आरतीचे शब्द जसे तोंडपाठ असतात पण कानात शिरत नाहीत, तसं ते वाक्य माझ्यावरून गेलं. मी पोह्यांवर खोबरं भुरभुरलं आणि मनातल्या मनात अखंडपूरला टाटा केला.

साडेअकराला अकरा सभासद जमले. चोविसांपैकी अकरा.

"कोरम झालाय का?" तिसऱ्या मजल्यावरच्या देवस्थळेबाईंनी विचारलं.

"आता कोरमचं बंधन नाही," बाबा म्हणाले. "तहकूब सभेला कोरम लागत नाही. आता तिघं असले तरी काय वाट्टेल तो ठराव पास होतो."

माझ्या हातातला डिशांचा ट्रे मी कोणाच्या मांडीवर ठेवला ते मला अजूनही आठवत नाही. लेलेकाका म्हणतात, त्यांच्या. एवढं आठवतं की मी चार मजले चढत होते आणि तोंडाने 'हीच सभा, याच ठिकाणी' असं म्हणत होते. आमचा कॉम्प्युटर चालू व्हायला सहा मिनिटं घ्यायचा, त्या दिवशी त्याने नऊ घेतली. सभागृह उघडलं तेव्हा तिथे कोणी नव्हतं. नुसती एक ओळ होती.

'तहकूब सभा, वेळ ११.३०. उपस्थिती सोळा. ठराव क्र. ९ सर्वानुमते मंजूर.'

आणि खाली अखंडपूरचा निरोप. 'सन्माननीय राष्ट्राध्यक्षांच्या गुप्त बहिष्काराची कुणकुण आम्हांस बुधवारीच लागली होती; त्यांनी बनवलेल्या घटनेचे मोल मात्र आज कळले. नाशिकच्या श्री. खरवंडीकर सचिवांचे मार्गदर्शनाबद्दल जाहीर आभार.'

कुंपणावरच्या तिघांपैकी एकाने त्याखाली लिहिलं होतं, 'आम्ही तिघे थांब्याच्या बाजूने बोलायला आलो होतो. कानगुडेकाकांच्या गाड्यांच्या विरोधात कोण मत देईल? पण तुम्ही कोणीच आला नाहीत. तुम्हीच सोडून दिलं म्हटल्यावर आम्हीही हात वर केला.'

चौदा आणि तीन सतरा. नुसते हजर राहिलो असतो तरी जिंकलो असतो.

मी थांब्याचं पान उघडून बघितलं. पांढरं होतं.

स्टँडच्या चौकशीचा नंबर माझ्याकडे होता. फोन कानगुडेंनीच उचलला.

"चौकशी."

"काका, मी सुनीती. थांबा गेला."

"गेला म्हंजी?"

मी सगळं सांगितलं. अर्धा तास, तहकूब, माझे बाबा. मागे कोणीतरी विचारत होतं, साहेब, गाडी कधी येणार, साहेब.

"येईल," कानगुडे त्या माणसाला म्हणाले. मग मला म्हणाले, "बरं ताई. ठेवतो. गर्दी हाय."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी खुर्चीतच बसून मोठ्याने रडले. पंचवीस वर्षांची घोडी एका खेळातल्या स्टँडसाठी रडतेय, हे कळत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

सभा संपवून बाबा वर आले तेव्हा मी त्यांच्यावर तुटून पडले.

"तुम्ही सांगितलंत त्या माणसाला."

"कुणाला? परभणीच्या प्राध्यापकांना?" बाबा गोंधळले. "मी एका सभ्य माणसाला नियम समजावून सांगितला. त्यांच्याकडची ती डोईजड बाई..." ते थांबले. माझ्याकडे बघितलं. "तू होय?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. खेळ, निरंजना, घटना, दीड वर्षात न झालेला अभ्यास. आई दारात उभी राहून ऐकत होती. बाबांनी घटनेची प्रिंट मागितली. मला वाटलं आता फाडतील. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन्सिल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. सदस्य राष्ट्रांच्या चपलांपाशी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण हसले नाहीत. ते दुखावले होते. मी खेळत बसले म्हणून नव्हे. त्यांच्या नियमांवरून त्यांना कोणीतरी फसवलं होतं.

"कानगुडेंना नोटीस मिळाली होती का?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना ईमेल गेला होता."

"ईमेल नाही चालत. त्र्याऐंशी वाच."

मी वाचलं. 'प्राजक्त सहकारी गृहरचना संस्थेच्या मुख्य प्रवेशद्वाराजवळील सूचना फलकावर सभेची नोटीस पूर्ण चौदा दिवस लावल्याखेरीज कोणतीही सभा वैध धरली जाणार नाही.' संस्थेचं पूर्ण नाव, जसंच्या तसं. माझ्या बदलाबदलीतून निसटलेलं.

"हा सरकारी नमुन्यातला नाही. हा माझा," बाबा म्हणाले. "चौऱ्याण्णव साली लेले म्हणाला, मला सभेचं कळलंच नाही. तेव्हा घातला. त्या फलकाला काच आहे, कुलूप आहे, आणि किल्ली माझ्याकडे आहे. तुमच्या महासभेची नोटीस मी तिथे आजवर लावलेली नाही."

"म्हणजे आजची सभा रद्द?"

"रद्द." मग पेन्सिल खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "पण सुनीती, मग सगळ्याच रद्द होतात. पहिल्यापासूनच्या."

माझ्या लक्षात आलं. सगळ्याच म्हणजे माझ्या जाहीरनाम्याचीही. नऊ दिवसांचा वाद, कपाटातली प्रिंट, सगळं. मी आत गेले, कपाट उघडून तो कागद बघत उभी राहिले. खोटं कशाला सांगू, अर्धा तास लागला मला. मग मी खेळाच्या प्रशासकाला, म्हणजे त्या सांगलीच्या इंजिनियरला, रीतसर तक्रार लिहिली आणि बाबांनी ती दोनदा दुरुस्त केली.

पुढचे चार दिवस सभागृहात जे झालं ते माझ्या राजकीय जीवनातलं सगळ्यात अवघड काम होतं. अखंडपूरचे प्राध्यापक खवळले. 'सन्माननीय सदस्य आम्हांस आजवर सार्वभौमत्वाचे पाठ देत आल्या. आज त्या म्हणतात की तीस सार्वभौम राष्ट्रांचे भवितव्य नाशिकच्या एका इमारतीच्या दारावरील काचेच्या पेटीवर अवलंबून आहे. हेच का ते सार्वभौमत्व?'

आणि मला 'हो' म्हणावं लागलं. चार दिवस, चौदा पानं, मी 'हो' म्हणत होते. ज्याचा देश जाणार त्याला आधी कळलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, आणि ते जर फलकाने होत असेल तर फलक देशापेक्षा मोठा आहे, असं मी लिहिलं. लिहिताना ते मला पहिल्यांदा खरं वाटलं, कारण कानगुडेंना येऊ नका असं सांगणारी मीच होते.

पाचव्या दिवशी प्रशासकाचं उत्तर आलं. 'घटना वाचली. नियम ८३ स्पष्ट आहे. आजवरच्या सर्व सभा अवैध. जुन्या प्रतीवरून थांबा पूर्ववत केला आहे. ठराव ९ पुन्हा मांडायचा असल्यास नोटीस लावावी. फलकाचा फोटो पाठवावा.'

बाबांनी नोटीस स्वतःच्या अक्षरात लिहिली. 'सर्व सदस्य राष्ट्रांस कळविण्यात येते की...' पाणीकपातीच्या सूचनेच्या शेजारी, काचेआड, टाचण्या लावून. येणारे जाणारे वाचायचे आणि विचारात पडायचे. देवस्थळेबाईंनी विलीनीकरणानंतर लिफ्टचं काय होणार ते विचारलं. लेलेकाका म्हणाले, हे मला आधी कळलंच नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी फाटकापाशी खाकी कपड्यांतला एक माणूस फलकासमोर उभा दिसला. हातात कापडी पिशवी. तो नोटीस बोट फिरवत वाचत होता, वाचून झाली की पुन्हा वरून सुरू करत होता. मी फोनवरचा आवाजच ओळखत होते, तरी मला कळलं.

"काका?"

"ताई," कानगुडे म्हणाले. "लागलीय म्हणालात, म्हणून बघायला आलो. आमच्यात बोर्डावर लागल्याबिगर काय खरं नसतंय." त्यांनी घड्याळ बघितलं आणि मग बाबांकडे, जे मागून किल्ल्या वाजवत आले होते. "अकरा लिहिलंय साहेब. सुरू अकरालाच होणार का?"

बाबांनी बावीस वर्षांत या प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. त्यांनी किल्ल्या खिशात टाकल्या.

"होणार," ते म्हणाले.

रात्री कानगुडे आमच्याकडेच राहिले. जेवताना आईने विचारलं, "भाऊजी, नोकरीत दिवसभर स्टँडच, मग खेळातपण स्टँडच कशाला काढलात? एखादा समुद्र तरी घ्यायचा."

कानगुडेंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"वैनी, सव्वीस वर्षं झाली खिडकीत बसतोय," ते म्हणाले. "कुठं घाटात दगड पडतो, कुठं ओढ्याला पाणी येतं, कुठं रेल्वेचं फाटक पडलेलं असतं. मला कायबी कळत नसतं. पर खिडकीसमोर माणूस उभा असतो. कुणाला दवाखान्यात जायचं असतं, कुणाच्या पोरीला परीक्षेला. विचारतो, साहेब, गाडी कधी येणार. मी म्हणतो, येईल. सव्वीस वर्षं नुसतं येईल म्हणतोय." ते ओशाळं हसले. "थांब्यात कुणी विचारलं तर मला म्हाईत असतं."

बाबांनी त्यांना आग्रहाने आणखी पिठलं वाढलं.

रविवारी कानगुडे माझ्या खुर्चीत बसले. मी उभी होते, बाबा माझ्या मागे आणि आई त्यांच्या मागे. दहा एकोणसाठला त्यांनी एका बोटाने 'हजर' लिहिलं. अकराला तीस देश हजर होते. पूर्ण कोरम. बाबांनी माझा खांदा इतक्या जोरात दाबला की मला लागलं. त्यांच्या हयातीतली ही पहिली वेळेवर सुरू झालेली सभा होती.

ठरावाच्या बाजूने तेरा, विरुद्ध सतरा.

'सन्माननीय थांब्याचे अभिनंदन,' प्राध्यापकांनी लिहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य एका ओळीत संपलं.

कानगुडेंना सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. बाबांनी सवयीने खिडकीत विचारलं, "गाडी कधी येणार?"

"येईल," आतला माणूस मान वर न करता म्हणाला.

कानगुडे खिडकीपाशी गेले, पिशवीतून आईने दिलेल्या लाडवांतला एक काढला आणि त्या माणसाच्या रजिस्टरशेजारी ठेवला.

मी तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. आता मी सहकारी संस्थांची सहायक निबंधक आहे. रोज माझ्या टेबलावर तहकूब सभांची इतिवृत्तं येतात, सर्वानुमते मंजूर झालेली. मी प्रत्येक वेळी एकच विचारते, जो आला नाही त्याला येऊ नको म्हणून कोणी सांगितलं होतं. बहुतेक वेळा कोणीतरी सांगितलेलं असतं.

राष्ट्रपट तीन वर्षांनी बंद झाला. इंजिनियर परदेशी गेला, वेबसाइट चालवायला कोणी उरलं नाही. पंधरा दिवस आधी सूचना आली होती. शेवटच्या दिवशी प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने लांबलचक भाषण टाकलं. माझं पाच पानांचं होतं, प्राध्यापकांचं अकरा. मी सगळ्यात शेवटी थांब्याचं पान उघडलं. तिथे एवढंच होतं.

'थांब्यावरून सुटणाऱ्या सर्व अठरा गाड्या वेळेवर सुटल्या आहेत. स्टँडवर एकही प्रवासी शिल्लक नाही. कोणी वाट पाहू नये.'

मी त्याची प्रिंट काढून बाबांना दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, परत वाचली, खिशातून किल्ली काढली आणि खाली जाऊन ती प्रिंट फलकात लावली. नियमाप्रमाणे ती पूर्ण चौदा दिवस तिथे होती.